न हलणारा ठिपका

माझी मुलगी आन्या एकटी शिकारीला जाते, हे मी इथे फ्रिस्कोत, आमच्या मराठी मंडळींत, कुणाला सांगत नाही. मटण आम्हीही खातो, पण खाटकाकडून आणून. ही बया मोंटानात राहते, घोडीवर आठवड्याचं सामान लादते आणि दोरी धरून डोंगरात शिरते, एल्क मारायला. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. घोडीचं नाव हेझल. आईवेगळं शिंगरू म्हणून आणली, बाटलीनं दूध पाजून वाढवली. लग्नाचा विषय काढला की आन्या म्हणायची, "आय हॅव हेझल, बाबा."

यंदा तिनं एवढीच मेहेरबानी केली की तिच्या सॅटेलाइट यंत्राचा ठिपका मला फोनवर दिसेल, अशी सोय करून दिली. रोज संध्याकाळी सहाला ती ओके पाठवणार. सहा वाजून गेले आणि ओके आला नाही, तरच मी शेरीफला फोन करायचा.

"नॉट बिफोर, बाबा. प्रॉमिस?"

केलं प्रॉमिस. दुसरं काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला ठिपका एका कड्यावर थांबला. नऊला तिथेच. अकराला तिथेच. मी फोन हातातून खाली ठेवेना. सुहासिनी म्हणाली, "अहो, शिकार आहे ती. बसून राहावं लागतं. सहा तर वाजू देत." आई असून हिला काळजी कशी ती नाहीच!

दोनला मी फोन लावला. शेरीफच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "सर, त्यांनी सहाची वेळ दिलीय ना?" त्याच्या त्या थंडपणानं माझं डोकं फिरलं. मी सांगितलं, तिला जोराचा दमा आहे, श्वास घेता येत नाही असा मेसेज आलाय.

मेसेज आला नव्हता. दमा मात्र अगदीच खोटा नव्हता. आठ वर्षांची होईपर्यंत होता.

पुढचं मला बचाव पथकातल्या बाईनं फोनवर सांगितलं. आन्या सहा तासांहून जास्त वेळ एका खडकामागे पालथी पडून होती. खाली एल्कचा कळप बसला होता, त्यातला नर उठायची ती वाट बघत होती. हेझल मागे झाडाला बांधलेली. हेलिकॉप्टर कड्यावरून आलं आणि कळप उधळला. हेझलनं दोरी तोडली आणि घसरड्या दगडांवरून ती खाली गेली. पुढचे दोन्ही पाय मोडले. एल्कसाठी भरलेली गोळी आन्यानं तिच्यावर झाडली.

हेलिकॉप्टरमध्ये ती बसली नाही. अठरा मैल चालत निघाली.

मी पहाटेचं विमान पकडलं आणि रस्ता संपतो तिथे, तिच्या ट्रकपाशी जाऊन उभा राहिलो. संध्याकाळी ती आली. खांद्यावर बंदूक, हातात हेझलच्या तोंडाची रिकामी म्होरकी. मला रडू फुटलं. म्हटलं, "तू सुखरूप आहेस, बास. घोडी काय, दुसरी घेऊन देतो."

हे बोलायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं.

तिनं खिशातून ते यंत्र काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"बाबा, मी ठीक होते. हेझलपण ठीक होती. आता मला शोधायचं नाही."

जन्मभर इंग्रजीत उत्तरं देणारी पोर हे मराठीत बोलली, मला नीट कळावं म्हणून. मग म्होरकी शेजारच्या सीटवर ठेवून ती ट्रक घेऊन गेली.

याला आता पाच महिने झाले. ती फोन उचलत नाही. मॅपवर ठिपका फ्रिस्कोत दिसतो, आमच्याच घरावर. सुहासिनी म्हणते, बंद करा ते. मी रोज चार्जिंगला लावतो आणि सहा वाजता बघतो.