पडलेलं निशाण

अठ्ठावन्न सालच्या त्या शनिवारपर्यंत आपल्या पाळीत, यंत्र बिघडलं की पॅनलवर पडणारं लाल निशाण एकदाही पडलं नाही, तर मारुतराव हेड ऑपरेटर होणार होते. नफा मोठा, आणि मेहनत सगळी नशिबाची.

शुक्रवारी पाळी संपता संपता पंपाची मोटर तापून आपोआप बंद पडली आणि पॅनलवर तिच्या खणातलं बोटभर निशाण खटकन खाली आलं. साहेबाने पाहेपर्यंत निशाण उचलायचं नाही, मोटर चालू करायची नाही, नाहीतर ती जळते, हा पिंपरीच्या त्या कारखान्याचा नियम. मारुतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोटाने ते वर सारलं.

तेवढ्यात पुढच्या पाळीला त्यांचा मेहुणा भैरू आला. "दाजी, पंप का बंद?"

"मीच केलाय. त्याला इसावा नको व्हय?"

"निशाण पडलं न्हवतं न्हवं?"

"दिसतंय का कुठं?"

भैरू हसला. "तुमच्या राज्यात पडायची बिशाद हाय का त्याची!"

त्याने बटण दाबलं. दाराशी थबकलेले मारुतराव चपला चढवू लागले. मग जळका वास आला. मोटर गेली, आणि निशाण पुन्हा पडलं ते भैरूच्या पाळीत. भैरूने वळून पाहिलं. दाजी चपलांकडे बघत होते.

जागा मारुतरावांना मिळाली. नोकरी भैरूची गेली. आणि ज्यांनी कारखान्याचं फाटकही कधी पाहिलं नव्हतं, त्या भैरूच्या बहिणीचं, मारुतरावांच्या अंबुबाईंचं, माहेर तुटलं.