ओकची अकरा दारं

आमचा कॅम्पर जड आहे, आणि तो जड करणारा माणूस माझा नवरा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याची बाजू घेतेय असं कुणाला वाटायला नको.

सीब्रेन आयुष्यभर बोटी बांधणारा सुतार. निवृत्त झाल्यावर त्याने एक रिकामी व्हॅन घेतली आणि चार हिवाळे खपून आतलं सगळं स्वतः केलं. पलंग, बाक, कपाटं, सगळं अस्सल ओक. इतर लोक अशा गाडीत पुठ्ठ्यासारखी हलकी फळी वापरतात. मी तसं सुचवलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला कागदाची बोट करायला सांगतेय. आमच्या फ्रिसलंडमध्ये जिकडेतिकडे पाणी, माणूस चालण्याआधी बोटीत बसतो. बोटीत वजन जास्त झालं तर ती चार बोटं खाली बसते, बास. रस्ता खाली बसत नाही, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

मर्यादा साडेतीन टन. सामान, पाणी, डिझेल, माणसं, सगळं धरून. माझं लायसन्स तेवढ्याच वजनाचं आहे आणि गाडीच्या कागदांवरही तोच आकडा आहे. गेल्या वर्षी हॅम्बुर्गच्या पुढे पोलिसांनी बाजूला घेऊन काट्यावर चढवलं, तर दोनशे चाळीस किलो जास्त. दंड झालाच, वर जास्तीचं सामान उतरवल्याशिवाय हलू देईनात. रस्त्याच्या कडेला आमच्या खुर्च्या, सायकली, बटाट्याची पोती आणि माझे धुवायचे कपडे मांडून आम्ही दोघं उभे. शेवटी इमके, आमची मुलगी, सहा तास गाडी मारून ते न्यायला आली. सीब्रेन खाली मान घालून तिच्या गाडीत खुर्च्या भरत राहिला. इमके मात्र आमच्या दोघांच्या वाटचं बोलली. विका ती गाडी आणि विमानाने जा, हे तिचं पालुपद तेव्हापासूनचं.

तेव्हा गाडी तो चालवत होता. या फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याचं लायसन्स बंद केलं. डोळ्यांचा मधला भाग जातोय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. पुढच्या वर्षीपर्यंत फार काही उरणार नाही, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. आणि हा माणूस तीस वर्षं मला सांगत आलाय की नॉर्वेच्या पार टोकाला जूनमध्ये सूर्य मावळत नाही, समुद्राला टेकतो आणि परत वर चढतो, तो एकदा बघायचाय. विमान नको, हॉटेल नको. आपल्या पलंगावर बसून, आपल्या खिडकीतून.

मग मी ठरवलं. याच जूनमध्ये जायचं. गाडी मी चालवणार आणि एक किलोसुद्धा जास्त नेणार नाही. इमकेला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, आई, तुझं वय सदुसष्ट आहे. मी म्हटलं, वयाचं वजन भरत नाही.

एप्रिलमध्ये गाडी पूर्ण रिकामी केली, डिझेलची टाकी भरली आणि हेसेलच्या काट्यावर नेली. हेसेल गुरांचं खाद्य विकतो. त्याच्याकडे ट्रक तोलायचा काटा आहे, वीस-वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवणारा. आम्ही दोघं आत बसलेलो. आकडा आला तीन हजार तीनशे ऐंशी. गाडीच्या कागदांत ड्रायव्हर पंचाहत्तर किलोचा धरतात, पण मी पंचाहत्तरची नाही. खरा आकडा मी या माणसापासून चाळीस वर्षं लपवला होता. आता हिशेब बसवायचा म्हणून वहीत पहिल्या ओळीत लिहिला, अठ्ठ्याऐंशी, आणि त्याला वाचूनही दाखवला. तो इतकंच म्हणाला की मला वाटलं होतं नव्वद.

म्हणजे उरले एकशे वीस. त्यातले वीस मी काट्याच्या चुकीसाठी सोडले आणि शंभरात घर भरायला बसले. स्वयंपाकघरातला काटा टेबलावर आणला आणि प्रत्येक वस्तू तोलली. पाणी वीस लिटर, त्याच्यावर थेंब नाही. बटाट्यांची पोती गेली. नॉर्वेत बटाटे मिळतात हे मला सत्तरीला टेकताना कळलं. सायकली गेल्या, खुर्च्या गेल्या, बाहेर लावायचा तंबू गेला. माझ्या आईचा बिडाचा तवा चार किलो सहाशे भरला. तो मी तीनदा आत ठेवला, तीनदा बाहेर काढला. शेवटी बाहेर. कॉफीची बारा पुडकी मात्र घेतली, त्यावर वाद नको. सीब्रेनला दोन पँट, चार शर्ट. तो कशालाही नाही म्हणाला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी भरलेली गाडी हेसेलकडे नेली. वहीप्रमाणे तीन हजार चारशे ऐंशी यायला हवे होते. हेसेल खिडकीतून ओरडला, तीन हजार पाचशे वीस. मी म्हटलं, तुझा काटा बिघडलाय. तो म्हणाला, बाई, सकाळपासून याच्यावर चार ट्रक गेले, त्यांच्यापैकी कुणी रडलं नाही. सीब्रेन शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

घरी आले ती अशी पेटलेली, की गाडी अंगणात लावली आणि एकेक वस्तू गवतावर काढली. चाळीस किलो म्हणजे काही मिठाची पुडी नव्हे. पलंगाखाली, पाण्याच्या टाकीच्या मागे, जुन्या घोंगडीत गुंडाळलेली त्याची हत्यारांची पेटी निघाली. रंधे, पटाशा, हातोड्या, सगळं. मला ती उचलवेना, ओढून दारापर्यंत आणली.

“हे काय?” मी विचारलं.

“पेटी,” तो म्हणाला. “वाटेत काही मोडलं तर?”

“मोडलं तर नॉर्वेत गॅरेज आहेत. मी आईचा तवा सोडला, सीब्रेन. तू मला फसवलंस.”

“हो, फसवलं.” तो गवतावरच्या खोक्यावर बसला. “गाडी तू चालवणार. नकाशा तू बघणार. रांधणार तू, तोलणार तू. मग मी कोण? खायला काळ आणि भुईला भार. माझं वजन ब्याऐंशी आहे, बाउक्ये, तुझ्या वहीत दुसऱ्या ओळीत. ते उतरव. मग सगळं बसेल, तुझा तवासुद्धा.”

चार महिने मी त्याच्यासाठीच राबत होते, आणि त्या सगळ्या काळात त्याला आपण ओझं आहोत असं वाटत होतं. मला रडू आलं. रागही आला, आणि राग जास्त होता.

“तू उतरणार नाहीस,” मी म्हटलं. “आणि पेटीही उतरणार नाही. पण गाडी उद्या निघणार. तेव्हा काय उतरवायचं ते आता तू सांग. गाडी तू बांधलीस, मी नाही.”

शेजारीण कुत्रा घेऊन गेली, गवतावरचा संसार बघून परत आली, पुन्हा गेली. मग तो उठला, चाचपत आत गेला आणि कपाटाच्या दारावरून हात फिरवला. वरची, खालची, बाकाखालची धरून अशी अकरा दारं होती. त्यांच्या कडा त्याने अख्खा एक हिवाळा घासल्या होत्या.

“एक दार चार किलोचं,” तो म्हणाला. “मधला स्क्रूड्रायव्हर दे. लाकडी मुठीचा.”

मी मदतीला पुढे झाले तर त्याने कोपराने मला बाजूला केलं. कुठल्या बिजागरीला किती स्क्रू आहेत हे त्याने डोळ्यांना विचारलंच नाही. बोटं बरोबर जागेवर जात होती. तिसऱ्या दाराला तो थांबला, दार छातीशी धरून उभा राहिला, आणि बोटीवरच्या माणसांना शोभेल अशी एक शिवी हासडली. मग चौथं काढायला घेतलं. मी माळ्यावरून आमच्या जुन्या बोटीचं तपकिरी शीड काढलं, कापलं आणि शिवणाच्या मशीनवर बसले. संध्याकाळच्या जेवणाआधी अकरा कपाटांना अकरा पडदे झाले. दांड्या त्याने लावल्या. एक तिरकी लागली. ते मी त्याला सांगितलं नाही, आणि त्याने हात लावून पाहिल्यावर सांगायची गरजही उरली नाही. काढून सरळ केली.

दारं आम्ही बैठकीच्या भिंतीशी ओळीने उभी केली, त्यांच्यामध्ये जुनी फडकी घालून.

सकाळी सात वाजता हेसेलचं फाटक उघडायच्या आधीच आम्ही तिथे उभे होतो. मागे पेटी, पुढे आम्ही दोघं. हेसेलने डोळे चोळत मशीन लावलं. आकडा थांबेपर्यंत मी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं दुखली.

“तीन हजार चारशे ऐंशी,” तो म्हणाला. “आता वाटेत केक खाऊ नका.”

सीब्रेनने काच खाली केली आणि मान थोडी तिरकी केली. हल्ली माणसाकडे बघायचं तर त्याला तसंच बघावं लागतं.

“मला धरून?” त्याने विचारलं.

हेसेलला प्रश्नच कळला नाही. उत्तर मी दिलं.

“तुला धरूनच,” मी म्हटलं, आणि गिअर टाकला.