जामीन राहिलेला शिक्का

मी ओजिमा भागात राहणाऱ्या मोरेश्वर कोल्हटकरांचा शिक्का बोलतोय. बोटाएवढा आहे, लाकडी आहे, पण कमी लेखू नका. इथे जपानात सहीला फारसं कोणी विचारत नाही. वॉर्ड ऑफिसात नोंदवलेल्या माझ्या ठशाला मान. माझ्या इवल्याशा तोंडावर कोल्हटकर हे अख्खं आडनाव जपानी अक्षरांत बसवताना कारागीर घामाघूम झाला होता.

२००३ साली मोरेश्वर इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आला, तेव्हाचा माझा जन्म. घर भाड्याने घेताना एकदा उमटलो, मग डबीत पडून नुसत्या झोपा काढायचो.

त्याची बायको विभा. तिला इथल्या बालवाडीत शिक्षिका व्हायचं होतं. कॉलेजात प्रवेश मिळाला, फीसाठी बँक कर्ज द्यायला तयार झाली. जामीन नवरा, ठसा माझा. मला कोण आनंद!

कागद देण्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नेमका दसरा आला. विभाने लॅपटॉपची, कुकरची आणि माझी पूजा केली. "एवढं मोठं काम करणार आहे तो," म्हणत तिने थेट माझ्या तोंडावर ओलं हळदकुंकू थापलं. मी धन्य झालो. सकाळपर्यंत ते अक्षरांच्या खाचांत कडकडीत वाळलं.

बँकेत मोरेश्वरने मला ऐटीत दाबलं. उमटला एक लाल भोपळा! काउंटरवरच्या मोरी-सानने तो नोंदलेल्या ठशाशी ताडून पाहिला आणि कमरेत वाकून माफी मागितली. इथे कोणी इतकं वाकलं, की काम झालं नाही असं समजावं.

"आज शेवटचा दिवस आहे रे!" विभा म्हणाली.

"नुसतं फूल वाहिलं असतंस तर?" मोरेश्वर पुटपुटला.

तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि माझं एकेक अक्षर कोरून साफ करायला घेतलं. टवका उडाला असता तर मी जन्माचा बाद, आणि तिचं कॉलेजही. मी श्वास रोखून धरला. मोरी-साननेही.

दुसरा ठसा लख्ख उमटला. विभा तिथेच रडली.

पुढे ती शिकली, नोकरीला लागली, कर्ज स्वतःच्या पगारातून फेडलं. आता तिचा स्वतःचा शिक्का मुलांच्या वह्यांवर रोज नाचतो. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

परवा जवळच्या इचिकावात घर घ्यायचं ठरलं. मोरेश्वरची नोकरी नवी, म्हणून बँकेने घराच्या कर्जाला त्याच्यासाठी जामीन मागितला. विभाने पर्स उघडली.

"मी आहे की. आधी नीट बस बघू, पोक काढू नकोस."

तो मुकाट्याने ताठ बसला. माझ्या ठशाखाली, जामीनदाराच्या जागी, तिचा ठसा उमटला. वाचकहो, येतो मी. आता माझी काळजी करू नका, मलाही जामीन मिळालाय.