आतलं कापड

"वजन नेमकं कधीपासून वाढलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाढलं कुठे?" पलंगावरचा मुलगा हसून म्हणाला. "लग्नात शिवलेली पँट अजून मस्त बसते मला. बारा वर्षं झाली. विचारा हिला."

"हो, खरंच," सून म्हणाली. तिलाही त्याचं कौतुकच होतं.

डॉक्टरांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या, वय एकोणचाळीस. उद्या सकाळी ऑपरेशन. ते पुढच्या पेशंटकडे गेले. पायाशी उभ्या असलेल्या आईला मात्र तिथे उभं राहवेना. ती पँट तिनेच शिवली होती आणि वेळोवेळी उसवलीही तिनेच होती.

शिवणकामात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. सगळे तिला मावशी म्हणत. मावशीची एक खोड होती. कुठलाही कपडा शिवताना ती आत भरपूर कापड राखायची. "मावशी, शिवण टोचते हो," असं गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "टोचू दे. अंगाने भराल तेव्हा माझी आठवण काढाल."

ही खोड तिला लागली पहिल्या मुलीपासून. ती पोर आठ महिन्यांची होऊन गेली. अंगावरचं दूध आटलेलं, वरचं पचेना. शेवटी शेवटी मावशी दर आठवड्याला तिची झबली आत घेत होती. त्यानंतर स्वतःच्या लेकराचा कपडा आत घ्यायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

मग हा झाला. दुधात तीन चमचे साखर. पावावर बोटभर लोणी, त्यावर पुन्हा साखर. मशीनवर बसली की याने रडू नये म्हणून हातात बिस्किट, एक बाही शिवून झाली की दुसरं. पोट भरलं म्हणाला तरी ताट चाटूनपुसून झाल्याशिवाय उठायचं नाही. शाळेची चड्डी घट्ट झाली की ती धुवायला म्हणून घ्यायची आणि गुपचूप अर्धा इंच सोडायची. वर्गातली पोरं चिडवायची. तो घरी येऊन विचारायचा, "आई, मी जाडा आहे का गं?"

"छे! चड्डी बसते ना तुला? मग?"

पोराचं समाधान व्हायचं. लोकांच्या घरी निदान कपडे तरी खरं बोलतात; मावशीने त्यांचंही तोंड शिवून टाकलं होतं. मुलाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तरी इस्त्रीच्या नावाखाली उसवणं चालूच राहिलं. गेल्या वर्षी आतलं कापड संपलं. तेव्हा तिने पट्ट्याखाली झाकला जाईल असा त्याच रंगाचा जोड लावला.

सून औषधं आणायला खाली गेली तशी मावशी त्याच्या उशाशी बसली.

"राजा, एक सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता.

"किती इंच?"

"आठ."

"आठ?"

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो ओरडला नाही.

"सांगायचंस ना गं, आई. दम लागायचा, तर मला वाटायचं ऑफिसचा जिनाच उंच आहे."

"तुला वाईट वाटलं असतं रे."

"वाटू द्यायचं." तिच्या डोळ्यांना धार लागलेली पाहून त्यानेच तिचा हात धरला. "रडू नकोस. मी बरा होऊन येतो, मग तू म्हणशील तेवढंच खातो. बास?"

तो घरी आला नाही. ऑपरेशन नीट झालं म्हणाले, पण तिसऱ्या दिवशी हृदयच थांबलं.

दीड महिन्याने सून कामावर जाऊ लागली. दुपारी घरात मावशी आणि सहा वर्षांची नात, दोघीच. पोरीने बापाच्या जाण्याची धास्ती घेतली होती. खाणं कमी झालेलं, गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. त्या दिवशी तिने अर्धं ताट पुढे सरकवलं.

"आजी, पोट भरलं माझं."

मावशीचा हात आपोआप चमच्याकडे गेला. तिने घास भरला, उचलला. 'एक घास बाबांचा' हे शब्द ओठांपर्यंत आले. पोरीने लगेच आ केला असता. बाबांसाठी तिने सगळं ताट संपवलं असतं.

नात तिच्याकडे बघत होती.

"खरंच भरलं?" मावशीने विचारलं.

"हो."

मावशीने चमचा ताटात ठेवला.

"मग ऊठ, बाळा. हात धू."

पोर उठून गेली. नळाचा आवाज येत राहिला. मावशीने ते अर्धं ताट उचलून ओट्यावर झाकून ठेवलं.