स्टालिनग्राडचा पाहुणा

सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आले त्याच दिवशी हौसराव मिरवणुकीच्या जीपवर नाचता नाचता खाली आले आणि पाय प्लास्टरात गेला. राहू गावात ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं, त्यांना आता कूस बदलायलाही माणूस लागायचा. बाजेवर पडून जीव आंबला, तेव्हा मुलानं, विक्रमनं, त्यांच्या मोबाइलवर लढाईचा गेम टाकून दिला.

गेममध्ये स्टालिनग्राड होतं. मागल्या महायुद्धात रशियन आणि जर्मन एकेका घरासाठी लढले, ते पडकं शहर. हौसरावांनी दोन दिवसांत त्याचं राहू करून टाकलं. व्होल्गा म्हणजे भीमा, धान्याची उंच कोठी म्हणजे सोसायटीचं गोडाऊन आणि मधला चौक म्हणजे चावडी. पुढाऱ्यानं मागं राहायचं नसतं, म्हणून ते दरवेळी चौकात छाती काढून उभे राहायचे आणि दरवेळी मरायचे.

त्यांना उचलून जिवंत करायचा तो ‘घोडनदीचा वाघ’. हा वाघ बोलायचा नाही, नुसता लिहायचा.

बोलणार कसा? वाघ भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बसलेला असायचा, आणि तो वाघ नव्हताच. ती त्यांची सून वैष्णवी, माहेर घोडनदीकाठच्या शिरूरचं. कॉलेजापासून हा गेम तिच्या हातचा मळ. पण लग्नानंतर आठवड्यातच सासऱ्यांनी जाहीर केलं होतं, “बाईमाणसाच्या हातात मोबाइल दिसला की माझं डोकं फिरतं!” मग काय, सगळं चोरून, सासऱ्यांच्याच तुकडीत शिरणंही. एवढी पट्टीची नेमबाज, पण मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आवाज इअरफोनमधून आला की हात आपसूक पदराकडे जायचा आणि तेवढ्यात एखादा जर्मन निसटायचा. सासूबाईंना, सरूबाईंना, सगळं ठाऊक होतं. त्या शेंगा सोलत दारात पहारा द्यायच्या.

एकदा मामा पुन्हा चौकात उभे दिसले आणि वैष्णवीचा तोल गेला. तिनं लिहिलं, ‘म्हाताऱ्या, खाली बस की!’

लिहिलं आणि जीभ चावली. पण पलीकडे बाज हलेपर्यंत हसू फुटलं. “आयला! उभ्या जन्मात मला असं कुनी बोललं न्हाई. वाघा, रविवारी जेवायला यायचं. पुरनपोळी!” आणि लगेच आत हाक, “वैष्णवे, पाहुना येनार हाय. हयगय नगं!”

आता वैष्णवीनं काय करावं? खरं सांगावं तर मोबाइल गेला, गेम गेला. आणि मामांचं ते मोकळं हसू, जे सून म्हणून तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, तेही जाणार. न सांगावं तर मामा बिचारे पाहुण्याची वाट बघत बसणार. तिला फार वाईट वाटलं.

रविवारी तीन ताटं मांडली. पुरुषांची पंगत आधी, बायका मागून, ही त्या घरची रीत. विक्रम एका ताटावर बसला. हौसराव पाय लांब करून दुसऱ्यावर. तिसरं रिकामं.

“वाघ आल्याबिगर घास न्हाई,” म्हणत त्यांनी मोबाइल काढला आणि एक एक अक्षर शोधत लिहिलं, ‘कुठवर आलास?’

तव्यावरची पोळी उतरवून वैष्णवीनं पिठाच्या बोटांनी उत्तर दिलं, ‘दारात.’

हौसराव अंगणाकडे बघायला लागले. अंगणात कोंबडीशिवाय कुणी नव्हतं. मग ते वळले. स्वयंपाकघराच्या दारात सून उभी, हातात मोबाइल. ती आली आणि तिसऱ्या ताटावर बसली.

विक्रम आईकडे बघायला लागला.

“म्हंजी,” हौसराव सावकाश म्हणाले, “मला म्हातारा म्हनली ती तू?”

“व्हय मामा. तुम्ही खालीच बसंनात!”

हौसरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग तुपाची वाटी ओढून घेतली आणि पाहुण्याच्या पोळीवर स्वतःच्या हातानं धार धरली. तूप ताटाच्या काठापर्यंत गेलं तरी हात थांबेना. तेवढ्यात सरूबाई आपलं ताट घेऊन आल्या आणि सुनेशेजारी बसल्या.

हौसरावांनी चारी ताटांकडे पाहिलं. आता वाढणार कोण?

“विक्रम,” ते म्हणाले, “ऊठ. पोळ्या आन.”