उशाशी रोजची खंडेनवमी

अडतीस वर्षं नवऱ्याच्या, कारभारींच्या, श्वासावर पहारा होता तो द्वारकाबाईंचा. गावी पिशोरला असताना ते घोरता घोरता मध्येच गप्प व्हायचे, आणि त्या गप्प होण्यानंच बाईंची झोप उडायची. मग कोपरानं एक ढुसणी दिली की श्वास पुन्हा सुरू. याचं कौतुक कुणी केलं नाही, बाईंनीही कधी मागितलं नाही.

सोळा सालच्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली, तशी दोघं शहरात, गारखेड्यात मुलाकडे, सुदर्शनकडे, राहायला आली. इथल्या डॉक्टरांनी कारभारींना एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं आणि निदान केलं, झोपेत तासाला तीस वेळा श्वास थांबतो. उशाशी हवा ढकलणारं यंत्र आलं, नाकावर मास्क आला. "याच्याशिवाय दुपारची डुलकीसुद्धा नको," डॉक्टरांनी बजावलं. यंत्राच्या डबीत रोज मेडिकलमधलं विकतचं पाणी घालायचं. पाण्यासाठी गाव सोडलेल्या माणसाला यंत्रही तहानलेलंच मिळालं!

पण यंत्र गुणाचं निघालं. घोरणं थांबलं, आणि द्वारकाबाई लग्नानंतर पहिल्यांदा ढाराढूर झोपू लागल्या.

अडचण होती प्लगची. बिल्डरनं खोलीत दोनच दिले होते. पायथ्याशी होता तो इतका सैल, की पिन घातली की मान टाकायची. उशाशी होता तो मोठा, पक्का. पण अंगणातल्या मोटारीची वायरही खिडकीतून तिथवरच पोचायची. नळाला पाणी दर सहा दिवसांनी, तेही पहाटे, पाऊण तास. गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. ज्याची मोटार बंद, त्याच्या नळाला नुसता फुसफुसाट. एक्स्टेन्शन बोर्ड आणला, तो मोटारीच्या भारानं जळाला. कडुबा वायरमन "उद्या येतो" म्हणून गेला होता. त्याचा उद्या तीन आठवडे उगवला नव्हता.

तोवर घरात ठरलं होतं, पाण्याच्या दिवशी आधी कारभारींना उठवायचं, मगच यंत्राची पिन काढायची.

एका पहाटे गल्लीत "पाणी आलं!" अशी आरोळी उठली. द्वारकाबाईंनी अर्धवट झोपेत यंत्राची पिन ओढली, मोटारीची खोचली आणि अंगणात धावल्या. टाकी भरली, घागरी भरल्या. मोटारीच्या आवाजात आतलं काही ऐकू आलं नाही. आत आल्या तर कारभारी पलंगावर उठून बसलेले, मास्क हातात, ओठ काळेनिळे.

"गुदमरलो गं," एवढंच ते म्हणाले.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जन्मभर राखलेला श्वास आपल्याच हातानं उपटला, हे बाईंच्या मनातून जाईना.

सकाळी त्यांनी देवघरातली कोयरी आणली आणि यंत्राच्या पिनेला हळदीकुंकू लावलं. सून दीपमाला एम.एस्सी. झालेली. तिला हसू आवरेना.

"आत्याबाई, विजेला काय कळतंय कुंकू?"

"विजेला नाय, माणसाला कळतंय. खंडेनवमीला पुजलेल्या अवजाराला कुणी हात लावतं का? ह्याची रोजच खंडेनवमी."

पुढच्या पाण्याच्या आदल्या रात्री सुदर्शन वाळूजला कारखान्यात रात्रपाळीवर होता. कारभारींना ताप भरला. द्वारकाबाई कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या. तीनच्या सुमारास त्यांचा ताप उतरला आणि दोघांचाही डोळा लागला.

बाईंना जाग आली तेव्हा उजाडलं होतं. कारभारी शांत झोपले होते, यंत्र चालू होतं. बाहेर तांब्याचा आवाज येत होता. त्या धडपडत अंगणात गेल्या. दीपमाला नळाच्या खड्ड्यात उकिडवी बसून करंगळीएवढी धार तांब्यात धरत होती. शेजारी दोनच घागरी. पुढचे सहा दिवस चार माणसांना तेवढ्यावरच काढायचे होते.

"अगं, मोटार नाय लावली? मला तरी उठवायचं!"

"पिनेला हात घातला होता, आत्याबाई. मामांचा नुकताच डोळा लागलेला." तिनं बोट वर केलं. त्याला कुंकू लागलं होतं. "मग नाय काढवली."

द्वारकाबाई खड्ड्यात उतरल्या आणि सुनेच्या हातातला तांब्या घेतला.

"सरक," त्या म्हणाल्या. "मी धरते."