चेन्नईमार्गे

देवाने डावा कौल दिला आणि आमचं अंदमान अडलं.

कौल लावला होता सासूबाईंनी, तोही फोनवरून. गावच्या देवळातले धोंडू गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कुठल्या बाजूचा ओलावा आधी सुकतो एवढाच तो प्रश्न आहे असं मला वाटतं. पण परळच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुनेला हे कुणी विचारत नाही, आणि मी सांगायलाही जात नाही.

माझ्या नवऱ्याचा, विनीतचा, देवावर फारसा विश्वास नाही. तरी तो म्हणाला की आई इथे जेवण सोडून बसणार आणि मी तिथे पाण्यात डुंबणार, हे मला जमायचं नाही.

त्याला ही सहल का हवी होती, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्याच्या डोळ्यांचा पडदा कडेकडून मरत चालला आहे. समोरचं त्याला स्वच्छ दिसतं, आजूबाजूचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं. ती नळी अरुंद होत जाणार. दोष जन्मापासूनचा, जनुकातला आहे आणि त्याच्या प्रकारावर आज उपचार नाही. मला मिळाले तेवढे शोधनिबंध मी वाचले. काही संशोधकांना पत्रंही लिहिली. त्यांची उत्तरं सभ्य होती.

डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो होतो. ग्लास रिकामा करून विनीत म्हणाला, "मला निळं पाणी बघायचंय. तळ दिसतो म्हणतात तिथे. तू आणि मी, बाकी कोणी नको. आणि आईला यातलं काही कळता कामा नये."

मी शब्द दिला.

त्यानंतर तो रोज त्या आठवड्याबद्दल बोलायचा. सकाळी मुळीच उठायचं नाही. उठलोच तर पाण्यापर्यंत जायचं आणि परत येऊन झोपायचं. बघण्यासारखं काय काय आहे, याची चौकशी करायला त्याने मला बंदी केली होती. शेजारच्या सुंदराबाई त्याची थट्टा करायच्या की मालवणी माणूस पैसे भरून दर्या बघायला निघालाय, उद्या विमानाने मासे खायला जाईल. विनीत म्हणायचा, "जाईन की. तुम्हाला पापलेट आणू का?"

पावसाळ्याआधी जायचं होतं, कारण पुढे तिथलं पाणी गढूळ होतं; आणि पुढच्या हंगामाबद्दल डॉक्टरांनी काही सांगायचं टाळलं होतं. मी सासूबाईंची समजूत घालून पाहिली. हॉटेलची खोली दाखवली, बीचचे फोटो दाखवले. त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, देव नको म्हणतो.

रविवारी त्यांच्याबरोबर मसाला कुटायला लालबागला गेले. करी रोडच्या आमच्या इमारतीतून चालत जाता येतं. डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मोठी रांग होती. आम्ही भाजलेल्या मिरच्यांचे डबे पायाशी ठेवून उभ्या होतो. मी पुन्हा एकदा विषय काढला.

"देवान चेन्नयेक जाव नको म्हणान सांगल्यान," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "अंदमानला, आई. चेन्नईला नुसतं विमान बदलायचं."

"माका खुळी समजू नको गो." आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला होता. "ताटातला दिसता त्येका, पण बाजूची वाटी दिसना नाय. कधीपासून मी वाटी ताटातच ठेवतंय. तुया बघलंस काय?"

मी बघितलं नव्हतं.

"आवशीक कळाचा नाय? रमाकांतपण चेन्नयेकच गेलो होतो डोळ्यांसाठी. ऑपरेशन करून इलो आणि दिसत होता ता पण दिसायचा बंद झाला. म्हणान मी देवाक इचारलंय, झिलाचा ऑपरेशन करूचा काय नको. देवान नको म्हटल्यान."

रमाकांत म्हणजे आमच्या जुन्या चाळीतला शेजारी. विनीतला फोनवर कुणाशी तरी 'चेन्नईला उतरायचं' असं बोलताना त्यांनी ऐकलं होतं आणि उरलेलं मनाशी जुळवलं होतं. अंदमान हे त्यांच्या लेखी आम्ही पुढे केलेलं निमित्त होतं. समुद्राबद्दल देवाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मला इतकं हलकं वाटलं की मी पुढचा विचारच केला नाही. "आई, ऑपरेशन नाहीच आहे," मी म्हटलं. "खरंच फिरायला चाललोय आम्ही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मगे ऑपरेशन कधी करतले?"

थोडं थांबून करतील, असं मला म्हणता आलं असतं. तेवढं खोटं कोणीही बोललं असतं. मी शब्द शोधत राहिले आणि तो शोध त्यांना दिसला.

"नाही करत, आई. त्याच्यावर ऑपरेशन नसतं."

"औषध?"

"नाही."

तेवढ्यात आमचा नंबर आला. सासूबाईंनी डबे उचलून दिले, हळदीचं विचारलं, खडा मसाला वेगळा कुटायला सांगितला. मिरचीचा खकाणा उडाला. रांगेतल्या सगळ्याच बायका खोकत होत्या, डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यांनीही लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"देव नको म्हणालो तेव्हा माका बरा वाटलेला," त्या पदराआडून म्हणाल्या. "म्हटलंय, थंय नको म्हणता, म्हणजे दुसरीकडे खंय तरी औषध आसतला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, मग मसाल्याची पिशवी घ्यायला सोडवून घेतला. घराच्या वाटेवर त्यांनी आजाराचं नाव विचारलं, एकदा उच्चारून पाहिलं आणि सोडून दिलं. लिफ्टमध्ये म्हणाल्या, "त्येका सांगू नको, माका कळला म्हणान." आता मी दोघांनाही शब्द दिलेला होता.

संध्याकाळी विनीत आला. सासूबाई बरणीत मसाला भरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "धोंडूचो फोन इलेलो. परत कौल लावल्यान. उजवो दिल्यान. जावा तुम्ही."

धोंडू गुरवांचा फोन आला नव्हता. आम्ही दोघी दिवसभर एकत्र होतो. गावच्या देवाच्या नावाने सासूबाई खोटं बोलल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

विनीत हसला. "देवाला पण हॉटेलचे फोटो पाठवलेस काय गे आई?"

त्याही हसल्या. तो त्यांच्याजवळ जमिनीवर बसला आणि तिकडच्या पाण्याबद्दल सांगू लागला. होडीला काचेचा तळ असतो, खाली बघितलं की मासे दिसतात. देवगडच्या खाडीकाठी जन्मलेल्या सासूबाई पहिल्यांदाच समुद्राबद्दल ऐकत असल्यासारख्या विचारत होत्या, काच फुटत नाही का, मासे रंगीत का असतात. बोलताना तो हातांनी होडी दाखवत होता. त्या होडीकडे बघत नव्हत्या, त्याच्या डोळ्यांकडे बघत होत्या, आणि आपण किती बाजूला सरकलो की त्याला दिसेनासे होतो, हे त्यांना आता कळत असावं, कारण त्या अगदी त्याच्या समोर येऊन बसल्या.

"बघ," विनीत मला म्हणाला, "उगाच काळजी करत होतीस. सुटलं की नाही?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सुटलं," मी म्हटलं, आणि कपाटावरची बॅग काढायला स्टूल ओढलं.